पंख्याच्या दोन टोकांवरचा डायोड: एका छोट्या भागाचा जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास



पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची किंवा पहिल्या संशोधन प्रस्तावाची तयारी करताय ना? मग आज एक साधा प्रश्न घेऊ. मायक्रोकंट्रोलरने १२ व्होल्टचा एक छोटा पंखा चालू-बंद करायचा आहे. सर्किट तुम्हाला पाठ असतं: पिनला रोध, रोधाला ट्रान्झिस्टरचा बेस, कलेक्टरला पंखा, आणि पंख्याच्या दोन टोकांवर उलटा जोडलेला एक डायोड. आता मुलाखतीत समोरचे सर विचारतात, "हा डायोड इथे का आहे?" बहुतेक जण म्हणतात, "प्रोटेक्शनसाठी." सर पुढे विचारतात, "कशापासून? आणि हे कोणाला, कधी कळलं?" इथे शांतता पसरते.

हा दुसरा प्रश्न इतिहासाचा वाटतो, पण तो संशोधनाचा आहे. सर्किटमधला प्रत्येक भाग कुठल्यातरी जुन्या अडचणीचं उत्तर असतो. ती अडचण माहीत नसेल तर उत्तर कधी लागू पडतं आणि कधी नाही, हे ठरवता येत नाही. म्हणून आज या डायोडची वंशावळ काढू.

आधी धुळ्याची आठवण

आपण खानदेशातले, म्हणून सुरुवात घरापासून. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं निधन १९२६ च्या अखेरीस धुळ्यात झालं आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड त्यांनी काढले, पहिला १८९८ मध्ये. त्यांचा आग्रह सोप्या शब्दांत असा: बखर नंतर, ऐकीव माहितीवर लिहिलेली असते, त्या काळचं अस्सल पत्र सापडलं की बखर त्याच्यावर ताडून बघायची.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना याचा काय उपयोग? खूप आहे. सीनियरच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधलं सर्किट ही बखर. डेटाशीट आणि तुमच्या मीटरवरचं रीडिंग हे अस्सल कागद. दोघांत फरक पडला तर कोणाचं ऐकायचं, हे धुळ्यात शंभर वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे.

झटका आधी, समजूत नंतर

अमेरिकेतल्या ऑल्बनी इथे जोसेफ हेन्री हे शिक्षक विद्युतचुंबकांवर काम करत होते. त्यांना दिसलं की लहान तारेचं सर्किट तोडलं तर ठिणगी जवळजवळ नसते, पण तीच बॅटरी लांब तारेला, विशेषतः गुंडाळी केलेल्या तारेला जोडून तोडली तर ठसठशीत ठिणगी पडते. १८३२ मध्ये त्यांनी हे छापलं. पुढे १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत प्रेरकत्वाच्या एककाला 'हेन्री' हे नाव मिळालं, ते याच माणसाचं.

इकडे लंडनमध्ये १८३४ साली विल्यम जेन्किन नावाच्या गृहस्थांनी मायकेल फॅरेडेंना एक विचित्र अनुभव सांगितला. एकाच सेलला विद्युतचुंबकाची गुंडाळी जोडली, तारेची टोकं दोन्ही हातांत धरली आणि जोडणी तोडली, तर शॉक बसतो. आता बघा, एका सेलचा दाब साधारण एक व्होल्ट. तेवढ्याने माणसाला काहीही जाणवत नाही. मग शॉक आला कुठून? फॅरेडेंनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला, प्रयोग केले आणि जानेवारी १८३५ मध्ये रॉयल सोसायटीत निबंध वाचला. त्यात जेन्किन यांचं श्रेयही नोंदवलं.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. शॉक सर्किट जोडताना बसत नव्हता, *तोडताना* बसत होता. कारण गुंडाळीत वाहणारा करंट आपल्याबरोबर चुंबकीय क्षेत्र बांधतो आणि त्या क्षेत्रात ऊर्जा साठते. तुम्ही वाट एकदम बंद केली तरी करंट एकदम थांबत नाही. तो वाट शोधतो, आणि वाट मिळेपर्यंत दाब वाढवत नेतो. जेन्किनच्या प्रयोगात ती वाट त्यांच्या हातांतून गेली.

आकड्यात मांडू. समजा गुंडाळीचं प्रेरकत्व १० मिलिहेन्री आहे आणि ०.२ अँपिअरचा करंट १ मायक्रोसेकंदात शून्यावर आणला. दाब म्हणजे प्रेरकत्व गुणिले करंट बदलण्याचा वेग. हिशेब येतो २,००० व्होल्ट. प्रत्यक्षात एवढा होत नाही, कारण त्याआधीच काहीतरी फुटतं. ४० व्होल्ट सहन करणारा २एन२२२२ए ट्रान्झिस्टर मध्ये असेल तर तोच फुटतो. म्हणून बारा व्होल्टचाच पंखा आहे, त्याला काय होतंय, हे वाक्य चुकीचं.

याच झटक्याचा उपयोगही आपण रोज केला आहे. जुन्या ट्यूबलाइटचा चोक आठवा. स्टार्टर आतून सर्किट तोडतो, चोक झटका देतो आणि ट्यूब पेटते. चोकमध्ये जे हवं असतं, तेच पंख्यात नको असतं. भौतिकशास्त्र एकच.

डायोड नव्हता तेव्हा

१८५३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो यांनी प्रेरण कुंडलाच्या तुटणाऱ्या संपर्कावर कंडेन्सर जोडला. ठिणगी कमी झाली, कारण करंटला घटकाभर जायला दुसरी जागा मिळाली. आज रिलेच्या संपर्कांवर कपॅसिटर आणि रोधाची जोडी लावतात, तिचा हा पूर्वज.

पण हा विषय निव्वळ सोयीचा राहिला नाही. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंगेनिड इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. ४३९ खाणकामगार आणि बचावकार्यातला एक जण मेला. ब्रिटनच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा खाण अपघात. स्फोटाचं नेमकं कारण शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, पण चौकशीत एका गोष्टीवर संशय आला: इशाऱ्याच्या घंटेची विद्युत ठिणगी. त्या काळी खाणीत दोन उघड्या तारा लांबवर ओढलेल्या असत. कामगार दोन्ही तारा एकमेकींना टेकवायचा आणि दूरवर घंटा वाजायची. बॅटरीवरचा मामला, म्हणून सगळे त्याला निर्धोक समजत.

पुढे व्हीलर आणि थॉर्नटन या संशोधकांनी प्रयोगांनी दाखवलं की धोका फक्त बॅटरीच्या व्होल्टेजवर ठरत नाही. घंटेच्या विद्युतचुंबकात साठलेली ऊर्जा तारा सुटताना ठिणगीत उतरते आणि ती खाणीतला वायू पेटवू शकते. उपाय म्हणून घंटेच्या गुंडाळीला समांतर वाट देण्याचा विचार पुढे आला. म्हणजे ठिणगी पडायच्या जागी करंटने त्या वाटेने फिरून विरून जावं. तुमच्या पंख्यावरचा डायोड नेमकं हेच करतो. स्फोटक जागांसाठी उपकरणं मुळातच कमी ऊर्जेची बनवायची, ही आजची सुरक्षा पद्धत याच अभ्यासातून वाढली.

हे आपल्यापासून लांब आहे असं वाटतंय? जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल पट्ट्यात केळी पिकवायच्या बंद खोल्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथे इथिलीन वायू सोडतात आणि तो सगळीकडे पोचावा म्हणून पंखे लावतात. नियमाप्रमाणे इथिलीन १०० पीपीएमपर्यंतच वापरायचं असतं. हवेत ते पेट घेतं सुमारे २.७ टक्क्यांपासून, म्हणजे २७,००० पीपीएमपासून. अंतर भरपूर आहे. पण सिलिंडरची गळती झाली तर सिलिंडरजवळच्या कोपऱ्यात काय होईल, याची हमी कोण देणार? योग्य प्रमाणात मिसळलेलं इथिलीन पेटायला ०.१ मिलिजूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते. आपण वर धरलेल्या गुंडाळीत ०.२ अँपिअरला साठते ०.२ मिलिजूल. दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, कारण सगळी ऊर्जा ठिणगीत जात नाही. पण दोन्ही एकाच पायरीवरचे आहेत, एवढं कळायला पुरेसं आहे. 'केळी पिकवण खोलीचं स्वयंचलन' हा प्रोजेक्ट घेणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. ब्रशवाली मोटर तर फिरतानाच आत ठिणग्या पाडते. अशा खोलीत तिला जागा नाही, डायोड लावला तरी.

डायोड आला कसा

करंटला एकाच दिशेने वाट देणारा पदार्थ असतो, हे १८७४ मध्ये कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी धातूंच्या सल्फाइडांवर दाखवलं. आपले जगदीशचंद्र बोस यांना गॅलिनाच्या स्फटिकावर आधारलेल्या संवेदकाचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं. १९४७ मध्ये बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला. पुढच्या दोन दशकांत सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले. मग उपाय अगदी सोपा झाला. पंख्यावर उलटा डायोड लावा. पंखा चालू असताना तो गप्प बसतो. ट्रान्झिस्टर बंद होताच गुंडाळीचा करंट त्याच्यातून गोल फिरतो आणि दाब पुरवठ्यापेक्षा जेमतेम एक व्होल्ट वर जाऊन थांबतो. दोन हजार व्होल्टची गोष्ट तेरा व्होल्टवर मिटते, तीही रुपया-दोन रुपयांत.

नंतर हा डायोड चिपच्या पोटातच गेला. यूएलएन२००३ ही चिप तुमच्या लॅबमध्ये नक्की असेल. तिच्यात सात डार्लिंग्टन जोड्या आहेत आणि प्रत्येकीसोबत डायोड. पण हे डायोड कामाला लागतात ते 'कॉमन' पिन पंख्याच्या धन पुरवठ्याला जोडली तरच. ती पिन मोकळी सोडलेली सर्किटं हमखास दिसतात. डायोड आत आहे म्हणून तो काम करतोय असं नाही.

मायक्रोकंट्रोलर खानदेशात

आता दुसरी बाजू, म्हणजे हुकूम देणारी पिन. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस१००० १९७४ मध्ये बाजारात आला, इंटेलचा ८०४८ १९७६ मध्ये आणि ८०५१ १९८० मध्ये. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्या लाटेत खानदेशातही महाविद्यालयं निघाली. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं, ज्याला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. म्हणजे ८०५१ आणि आपल्या भागातलं अभियांत्रिकी शिक्षण साधारण एकाच वयाचे आहेत. अभ्यासक्रमात ८०५१ इतकी वर्षं का टिकला, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

सुरुवातीला प्रोग्रॅम पुसायला चिपच्या खिडकीवर अतिनील दिवा धरावा लागे. १९९० च्या दशकात अ‍ॅटमेलच्या फ्लॅश मेमरीवाल्या ८९सी५१ ने ती कटकट संपवली. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया इथे आर्डुइनो सुरू झालं, आणि त्यात एव्हीआर जातीची चिप होती.

इथेच बखर आणि अस्सल कागद यांचा फरक महत्त्वाचा ठरतो. ८०५१ रीसेट झाला की त्याच्या सगळ्या पोर्ट पिना 'एक' होतात. शिवाय त्या पिना करंट आत ओढू शकतात, साधारण १० मिलिअँपिअर, पण बाहेर देऊ शकतात फक्त काही मायक्रोअँपिअर. म्हणून जुन्या सर्किटांत 'शून्य दिल्यावर चालू' अशी रचना किंवा बाहेरून पुल-अप रोध दिसतो. आर्डुइनो उनोच्या चिपचं वागणं वेगळं आहे. रीसेटला तिच्या पिना तरंगत्या असतात आणि चालू झाल्यावर २० मिलिअँपिअर आरामात देतात (४० ही कमाल सहनमर्यादा आहे, वापरायचा आकडा नाही). जुन्या रिपोर्टमधलं ८०५१ चं सर्किट उचलून उनोला जोडलं, तर ते चालेलही. पण पॉवर आल्याक्षणी पंखा आपोआप फिरेल का, याचं उत्तर बदललेलं असेल. पंख्याच्या जागी पंप किंवा हीटर असता तर हा प्रश्न किती मोठा झाला असता, विचार करा.

जोडणी, कारणांसह

आता सर्किट जोडू. प्रत्येक पायरीला कारण आहे.

१. पंख्याचं धन टोक १२ व्होल्टला. ऋण टोक एनपीएन ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. एमिटर ग्राउंडला. पंखा थेट पिनवर कधीच नाही, कारण त्याला १५० मिलिअँपिअर लागतात आणि पिन २० देते.

२. बेसचा रोध हिशेबाने. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू राहावा म्हणून बेसला कलेक्टर करंटच्या दहावा हिस्सा द्या, म्हणजे १५ मिलिअँपिअर. ५ व्होल्टमधून बेसचे साधारण ०.९ वजा करून भागिले १५ मिलिअँपिअर, उत्तर सुमारे २७० ओहम.

३. पिन आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहम. पिन तरंगत असताना पंखा बंदच राहावा म्हणून.

४. डायोड पंख्याच्या टोकांवर, पट्टा धन बाजूला. शक्यतो पंख्याजवळ सोल्डर करा. डायोड आणि पंखा यांच्यामधली वायर सुटली तर डायोडचा उपयोग शून्य. साध्या चालू-बंदसाठी १एन४००७ चालतो. वेग कमी-जास्त करायला पीडब्ल्यूएम वापरणार असाल तर तो संथ पडतो, शॉट्की डायोड घ्या.

५. १२ व्होल्टच्या पुरवठ्याचा आणि बोर्डाचा ग्राउंड एकत्र. हे विसरलं की 'कधी चालतं, कधी नाही' असा रोग लागतो.

६. पुरवठ्याच्या वायरमध्ये फ्यूज. अडकलेली मोटर लेबलवरच्या करंटच्या कितीतरी पट करंट ओढते.

मॉस्फेट वापरायचा असेल तर एक सापळा सांगतो. आयआरएफ५४० च्या डेटाशीटमध्ये 'थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट' वाचून मुलं ५ व्होल्टवर खूश होतात. थ्रेशोल्ड म्हणजे दार किलकिलं होणं. पूर्ण उघडण्याचा आकडा त्याच कागदात १० व्होल्टला दिलेला असतो. ५ व्होल्टच्या पिनला आयआरएलझेड४४एन सारखा 'लॉजिक लेव्हल' मॉस्फेट घ्या.

२५ अंश कुणाचे?

आता खास आपल्या भागाचा मुद्दा. टीओ-९२ आवरणातल्या पीएन२२२२ए ची उष्णता सहन करायची मर्यादा ६२५ मिलिवॅट लिहिलेली असते, पण २५ अंश सेल्सिअसला. त्यापुढे प्रत्येक अंशाला ५ मिलिवॅट कमी. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेर ४५ अंश, बंद पेटीत सहज ६०. तिथे मर्यादा उरते ४५० मिलिवॅट.

सर्किट नीट असेल तर अडचण नाही: ०.३ व्होल्ट गुणिले ०.१५ अँपिअर म्हणजे फक्त ४५ मिलिवॅट. पण कुणी बेसला २७० ओहमऐवजी मोठा रोध लावला, ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहिला, त्याच्यावर ६ व्होल्ट पडले आणि ०.१ अँपिअर वाहिला, तर ६०० मिलिवॅट. वातानुकूलित लॅबमध्ये हे सर्किट कसंबसं पास होतं. उन्हाळ्यात धुळ्याच्या शेडमध्ये जळतं. मग रिपोर्टमध्ये लिहितात 'कॉम्पोनंट फॉल्टी'. कॉम्पोनंट ठीक होता. त्याच्या कागदावरचं तापमान आपलं नव्हतं.

मित्रांनो, हा संशोधनाचा तयार विषय आहे. ज्या परिस्थितीत आकडा मोजला आणि ज्या परिस्थितीत आपण तो वापरतो, यातलं अंतर मोजा. त्यासाठी महागडं उपकरण लागत नाही. थर्मामीटर, मल्टिमीटर आणि नोंदवही पुरते.

हद्द कुठे

वरचं सगळं १२ व्होल्ट डीसीपुरतं. घरातला २३० व्होल्टचा पंखा किंवा पत्र्याचा कूलर ब्रेडबोर्डवर आणू नका. पाणी, पत्रा आणि मेन्स एकत्र आले की पत्र्यात उतरलेला करंट दुसरी संधी देत नाही. तिथे तयार, विलग केलेलं रिले मॉड्यूल, बंद पेटी, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, आणि जोडणी परवानाधारक वायरमनकडून. डायोड तर तिथे लावायचाच नाही. एसीमध्ये तो प्रत्येक चक्राच्या एका अर्ध्या भागात शॉर्ट होईल. डायोडचा उपाय ज्या अडचणीसाठी जन्मला ती डीसीची होती. एसीसाठी आपण परत फिझोंच्या कपॅसिटरकडे जातो.

म्हणून मुलाखतीत कोणी विचारलं, "हा डायोड का?", तर 'प्रोटेक्शन' या एका शब्दावर थांबू नका. करंटला वाट हवी असते, ती दिली नाही तर तो स्वतः काढतो, एवढं आधी सांगा. मग जेन्किनचे हात, सेंगेनिडची घंटा आणि तुमच्या पेटीतलं तापमान, या क्रमाने पुढे जा. आणि आज संध्याकाळी लॅबमधला एक जुना प्रोजेक्ट काढून त्यातल्या प्रत्येक भागापुढे दोन रकाने आखा: 'हा कुठल्या अडचणीसाठी आला' आणि 'ती अडचण इथे आहे का'. ज्या ओळीत दुसरा रकाना रिकामा राहील, तिथून तुमचा प्रस्ताव सुरू करा.